नुसती सही

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी वेळेवर आली. आमच्या तिठ्यावर ती कधीच वेळेवर येत नाही, म्हणून नाना, म्हणजे माझे वडील, निवांत होते. बोलायचं ते गाडीची वाट बघताना बोलू, असा त्यांचा विचार असावा. गाडी वळणावर दिसली तशी त्यांची धांदल उडाली. माझी पिशवी त्यांनी स्वतः आत चढवली, मग खाली उतरून खिडकीशी आले आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "कुणाकडून उसने घेऊ नकोस. आणि आपल्या माणसाने सही मागितली तर त्याला रिकामा परत पाठवू नकोस." आई तिठ्यापर्यंत आली नव्हती. ती पाणंदीच्या तोंडाशी उभी होती. गाडी तिच्यासमोरून गेली तेव्हा तिने हात हलवला नाही, नुसता पदर सारखा केला. मला रडू आवरेना आणि शेजारच्या अनोळखी माणसाने काही न विचारता मूठभर शेंगदाणे पुढे केले.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आपल्या गावच्या मंडळाच्या सभेत आपण देवळाच्या पत्र्यांवर दोन दोन तास बोलतो. सह्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही, म्हणून मीच काढतो.

सहीचं महत्त्व काय होतं ते गावात राहिलेल्यांना सांगायला नको. नाना मराठी शाळेत मास्तर. वाडीत पगारदार माणूस ते एकटेच. कुणाला सोसायटीचं कर्ज हवं असलं, पाण्याचं इंजिन घ्यायचं असलं, मुलीचं लग्न काढायचं असलं, की जामीन म्हणून मास्तरांची सही लागायची. माणूस फॉर्म घेऊन ओटीवर बसायचा, आई चहा टाकायची, आणि नाना चष्मा न लावताच सही करायचे. फॉर्म वाचायला घेणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. आणि सही केल्यावरचा नियम तर त्याहून कडक होता. ज्याच्यासाठी सही केली त्याला पुढे हप्त्याचं विचारायचं नाही. तो वाटेत भेटला तर भाताचं विचारा, गुरांचं विचारा, त्याच्या सासऱ्याच्या गुडघ्याचं विचारा. हप्ता भरलास का, असं विचारलं तर तो त्याचा अपमान आणि आपला हलकेपणा. मला हे कुणी शिकवलं नाही. ओटीवर अभ्यास करता करता मी ते आपोआप शिकलो.

डोंबिवलीत आपल्या गावची खोली होती, तिथे मी उतरलो. आठ माणसं आणि एक मोरी. खोलीचा कारभार बाळूदादाकडे. तो आमच्याच वाडीतला, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला. पहिले सहा महिने त्याने माझ्याकडून खोलीचं भाडं घेतलं नाही. "आधी पगार हातात टिकवायला शिक, मग भाड्याचं बघू," म्हणाला. मला कावीळ झाली तेव्हा त्याने कंपनीत खाडे केले, मला रिक्षातून दवाखान्यात नेलं आणि पथ्याची मुगाची खिचडी स्वतः रांधली. ती इतकी वाईट होती की मी लवकर बरा झालो. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये स्टोअरकीपरची नोकरीही मला त्याच्याच ओळखीने लागली. या माणसाला मी कशाला म्हणून नाही म्हणणार होतो?

उसने न घेण्याची नानांची पहिली गोष्ट मी इतकी पाळली की तिचा मला गर्व झाला. फ्रिज घेतला तो रोखीने. त्यासाठी पावणेदोन वर्षं पैसे साठवले आणि तोवर दोन उन्हाळे माठातलं पाणी प्यायलो. कंपनीतले लोक फोनसुद्धा ईएमआयवर घ्यायचे. त्यांना मी 'हप्तेवाले' म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. कर्ज काढतो तो उधळ्या, काढत नाही तो सज्जन, आणि सज्जन माणसाला वेळ आली की कुणीही दारात उभं करील. पुढे लग्न झालं ते सुजाताशी. ती जन्माची कल्याणची, तिथल्याच एका शाळेत क्लार्क. तिच्या पर्समध्ये क्रेडिट कार्ड बघितलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला तिच्या घरच्यांबद्दल शंका आली. ती त्या कार्डावर किराणा भरायची आणि तारखेच्या आत सगळं बिल चुकतं करायची. एक रुपया व्याज दिल्याचं मला आठवत नाही. तरी मी तिला टोमणे मारायचो. ती म्हणायची, "तुला कार्ड दिसतं रे, तारीख दिसत नाही."

बाळूदादा वर्तकनगरला आमच्या भाड्याच्या घरी आला तो एका रविवारी, चिकूची पिशवी घेऊन. भावासाठी टेम्पो घ्यायचा होता, डोंबिवलीतली एक बँक कर्ज देत होती, जामीन हवा होता. सुजाता माहेरी गेली होती. "अरे नुसती सही रे. फॉर्मॅलिटी असते. पैसे काय तुझ्याकडून घेतायत?" मी चहा टाकला आणि नानांसारखीच सही केली, म्हणजे न वाचता. पत्त्याच्या रकान्यात डोंबिवलीच्या खोलीचा पत्ता होता, कारण माझ्या जुन्या कागदांवर तोच होता. बाळूदादा गेल्यावर मला फार बरं वाटलं. त्याच्या उपकारांची थोडी तरी फेड झाली असं वाटलं, आणि शिवाय आपणही आता कुणीतरी झालो, आपल्याही सहीला किंमत आली, असंही वाटलं. सुजाताला मी सांगितलं नाही. कर्ज माझं नव्हतंच, सांगायचं काय?

नाना त्यानंतरच्या वर्षी गेले. आई गावी एकटी पडली. तिला बोलवावं तर आमची खोली दहा बाय बाराची, आणि ती इमारतही रीडेव्हलपमेंटला जाणार म्हणून मालकाने खाली करायला सांगितलेलं. कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक वन बीएचके मिळत होता. रीसेलचा, चौथ्या मजल्यावर, लिफ्टवाला. आईला हॉलमधल्या खिडकीशी कॉट टाकता येईल एवढी जागा. टोकन म्हणून आम्ही जवळचे दीड लाख दिले. दोन महिन्यांत कर्ज मंजूर करून व्यवहार पुरा करायचा, नाही केला तर टोकन बुडालं आणि घरही गेलं. मी आईला फोन करून सांगितलंही, बांधाबांध कर.

बँकेत मी छाती काढून गेलो. कर्ज देणारी अधिकारी विशीतली मुलगी, फार अदबीची. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे.

"सर, तुमच्या नावावर एक व्हेईकल लोन ओव्हरड्यू दिसतंय."

"मॅडम, माझ्याकडे सायकलसुद्धा नाही."

"गॅरेंटर म्हणून आहे, सर. सात हप्ते थकलेत. जामीनदार असलात तरी तुमच्या क्रेडिट रिपोर्टला येतं ते. कर्जदाराने नाही भरलं तर तुम्हीच देणं लागता, सगळंच्या सगळं."

मी म्हटलं, ठीक आहे, ते दुसऱ्याचं आहे. पण मी स्वतः आयुष्यात कुणाचा एक पैसा उधार घेतलेला नाही, ते तर तुमच्याकडे दिसत असेल? ती जराशी अवघडली. "नाही ना सर. तुम्ही कधी काही घेतलंच नाही तर तुम्ही वेळेवर फेडता की नाही हे आम्हाला कळणार कसं? तुमचं स्वतःचं रेकॉर्डच नाहीये. आहे ते एवढंच, थकलेलं."

मी माजिवड्यापर्यंत चालत आलो. रिक्षा, बस, काही दिसत नव्हतं. माझ्या सज्जनपणाची जगात कुठे नोंद नव्हती आणि न काढलेल्या कर्जाची होती. राग नेमका कुणाचा आलाय तेच कळेना. आधी बँकेचा आला, मग बाळूदादाचा, आणि पुलाखालून जाताना नानांचा आला, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

सुजाता ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "सही केलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, कर्ज माझं नव्हतं ना. "मग आता कुणाचं आहे?" तिने पुढे विचारलं, "तीन वर्षांत तू दादांना एकदाही विचारलं नाहीस, हप्ते जातायत का म्हणून?" मी तिला सांगायला लागलो की आमच्यात तसं विचारत नाहीत. सांगता सांगता माझ्याच कानाला ते कसं लागलं ते मला ठाऊक. कल्याणच्या मुलीला ते किती कळलं कुणास ठाऊक. ती एवढंच म्हणाली, "उद्या जा आणि विचार."

टोकनची मुदत संपायला पाच आठवडे होते. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून डोंबिवलीला गेलो. खोलीत बाळूदादा एकटाच होता, सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत. रिक्षातून येताना मी वाक्य पाठ केलं होतं, तरी पहिली दहा मिनिटं मी त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल बोललो. मग एकदाचं विचारलं. "दादा, टेम्पोचे हप्ते किती थकलेत?"

तो बूट घालत होता, तसाच थांबला. मग उठून देवाच्या फळीकडे गेला आणि गणपतीच्या तसबिरीमागून पाकिटांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. बँकेने जामीनदाराला, म्हणजे मला, पाठवलेल्या नोटिसा. सगळ्या माझ्या नावाच्या, सगळ्या बंद. भावाला अर्धांगाचा झटका आला होता, टेम्पो मानपाडा रोडला कुणाच्या तरी आवारात उभा होता, आणि बाळूदादा स्वतःच्या पगारातून जमेल तेव्हा एखादा हप्ता भरत होता.

"मला सांगायचं ना रे," मी म्हटलं.

"तू कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला. "मला वाटायचं याला ठाऊक आहे, पण माझी लाज राखतोय. मग मी कुठल्या तोंडाने काढू विषय?"

आम्ही दोघेही एकमेकांची लाज राखत बसलो होतो आणि त्यापायी माझ्या आईची खिडकी जायची वेळ आली होती. मला तो खूप म्हातारा दिसला. मला खिचडी करून घालणारा हाच माणूस, हे आठवून राग टिकेना, आणि घर आठवलं की तो पुन्हा यायचा.

पुढचं काम सुजाताने हातात घेतलं. बँकेचा वसुलीचा माणूस बाळूदादाला म्हणाला होता की एकरकमी थोडी कमी रक्कम भरा, आपण सेटलमेंट करून टाकू. बाळूदादा खूश होता, सूट मिळतेय म्हणून. सुजाताने त्याला शाळेतल्या पोरांना समजावतात तसं समजावलं. "दादा, सेटलमेंट म्हणजे बँक लिहून ठेवते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ते नंतर वर्षानुवर्षं तुम्हाला आणि यालाही नडतं. आपण टेम्पो विकू, पण पूर्ण थकबाकी भरू." बँकेची परवानगी काढून टेम्पो विकला. सगळे पैसे थेट कर्जात गेले. थकलेलं सगळं मिटलं, थोडं कर्ज उरलं, त्याचे हप्ते बाळूदादाने पगारातून बांधून घेतले.

मला वाटलं, झालं, पाटी कोरी. तीही माझी समजूतच. पैसे भरले म्हणून थकल्याची नोंद काही पुसली जात नाही. नव्या चांगल्या नोंदींखाली ती हळूहळू मागे पडते, त्याला वेळ द्यावा लागतो. आणि आमच्याकडे तीन आठवडे उरले होते.

शेवटी घर मिळालं ते सुजाताच्या कार्डामुळे. आठ वर्षं तिने किराण्याचं बिल तारखेच्या आत भरल्याची सगळी नोंद बँकेकडे होती. कर्ज तिच्या एकटीच्या नावावर मंजूर झालं. तिच्या पगारावर मिळेल तेवढंच, म्हणजे कमी. उरलेल्यासाठी मी माझ्या सगळ्या एफडी मोडल्या आणि तिने स्वतःच्या आईकडून मिळालेल्या पाटल्या विकल्या. पाटल्या विकायच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. सराफाच्या काट्यावर त्या ठेवताना ती माझ्याकडे बघत नव्हती. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. घर तिच्या नावावर आहे. दारावरच्या पाटीवर माझं नाव तिने लावू दिलं, ही तिची मेहेरबानी.

हल्ली माझ्याकडेही एक कार्ड आहे, छोट्या मर्यादेचं. पहिल्याच महिन्यात बिलावर 'मिनिमम ड्यू' नावाचा एक गोंडस आकडा दिसला आणि मला वाटलं, वा, एवढेच भरायचे. सुजाताने वेळीच बघितलं. त्या छोट्या आकड्यामागे बाकीच्या रकमेवर किती व्याज चढतं ते तिने मला कागदावर करून दाखवलं, तेव्हा मी पूर्ण बिल भरलं. स्वतःचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे फेडीच्या नोंदींवरून आपल्याला मिळणारा आकडा, बघितला की तो कमी होतो, असं कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून सहा महिने मी तो बघायला घाबरत होतो. तेही खोटं निघालं. आता मी दर दोन-तीन महिन्यांनी बघतो आणि आकडा चार अंकांनी जरी वाढला तरी सुजाताला फोन करतो. ज्यांना मी हप्तेवाले म्हणायचो त्यांची मी माफी मागितली आहे. त्यांनी ती पार्टी घेऊन स्वीकारली.

आई आली ती तांदळाचा डबा आणि आपली विळी घेऊन. आठवडाभर ती लिफ्टमध्ये एकटी चढत नव्हती. घर कर्जाचं आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. नानांच्या बायकोला, ज्या माणसाने आयुष्यात कर्ज काढलं नाही त्याच्या बायकोला, कसं सांगायचं या विचाराने मी नुसतं 'घेतलं' असं म्हणत होतो. पाच तारखेला सकाळी सुजाताचा फोन वाजला, हप्ता कापल्याचा मेसेज. आई खिडकीशी कॉटवर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "हप्ता गेला का गं?"

मी गडबडलो. सुजाताने तिला सरळ आकडा सांगितला. किती वर्षं राहिली ते सांगितलं, व्याज किती, मुद्दल किती, सगळं. आईने दोन्ही आकडे तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. मग म्हणाली, "ह्यांनी मला कधी आकडा सांगितला नाही. मीपण कधी विचारला नाही. वहाळाकडची कलमं विकलेली मला पुढच्या साली कळली. परकी माणसं आंबे उतरवत होती, तेव्हा."

ती कलमं कीड लागली म्हणून विकली, असं मला नानांनी सांगितलं होतं. मी तेव्हा सातवीत होतो. "कशापायी विकली?" मी विचारलं.

"सहीपायी. कुणाचं तरी थकलं, ह्यांनी भरलं."

"कुणाचं?"

"कोण जाणे. जाईस्तोवर सांगितलं नाही त्यांनी. असेल वाडीतच कुणीतरी. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पीत असेल."

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, तेच मला सहन झालं नाही. म्हणजे नाना कर्ज काढत नव्हते, ते दुसऱ्यांनी काढलेलं फेडत होते. आणि मला खिडकीशी येऊन तीच सही करायला सांगत होते. मला त्यांचा राग आला, आणि या वेळी लाज नाही वाटली. त्यांची आठवणही तितकीच आली. विचारायची सोय असती तर मी त्यांना विचारलं असतं, नाना, किती जणांचं भरलंत?

गावचं घर अजूनही माझंच आहे. तिथल्या ओटीवर बसलं की मी दहा वर्षांचा होतो. पण त्या घरात काही प्रश्नांना जागा नव्हती. या घरात आहे, साडेचारशे फुटांत, बरंचसं बँकेचं आणि कागदावर माझं अजिबात नसलेलं हे घर असूनही. इथे पाच तारखेला आई सुजाताला विचारते, आणि दहा तारखेला मी बाळूदादाला फोन करून विचारतो, भरलास का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने भाताचं काढलं होतं. आता मी विसरलो तर संध्याकाळी तोच फोन करतो आणि म्हणतो, अरे, आज विचारलं नाहीस?

तेव्हा कुणाला सही हवी असेल तर अजूनही या. मी नाही म्हणेनच असं नाही. चहा होईल, चिकू आणायची गरज नाही. फक्त फॉर्म सगळा भरलेला आणा, कारण सुजाता वाचते. आई खिडकीशी बसलेली असेल आणि ती तुम्हाला विचारेल, बाबा, थकलं तर काय करशील? तिने हे आजवर कुणाला विचारलेलं नाही, तेव्हा तिला खरं काय ते सांगा.